प्रतिबिंब आणि ओळख
(कुटुंबात एकत्र वाचण्यासाठी अभ्यासलेख)



छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात इंद्र व विरोचन यांची कथा आली आहे. आपणांपैकी अनेकांनी ती प्रवचनांतून ऐकली असेल. आत्मा म्हणजे काय, हे जाणून घेण्यासाठी देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन असे दोघे प्रजापतीकडे गेले. बत्तीस वर्षे ब्रह्मचर्याने राहिल्यावर प्रजापतीने त्यांना पाण्याने भरलेल्या पात्रात पाहावयास सांगितले. दोघांनाही आपले नखशिखांत प्रतिबिंब दिसले. मग उत्तम वस्त्रे व अलंकार घालून पुन्हा पाहा, असे प्रजापती म्हणाला. त्यांनी पाहिले, तो प्रतिबिंबही तसेच सुशोभित झालेले. दोघेही संतुष्ट होऊन परत निघाले. विरोचनाने घरी जाऊन, पाण्यात दिसते तेच आपले स्वरूप, असा उपदेश आपल्या लोकांस केला. इंद्राला मात्र वाटेतच शंका आली. अंगावर अलंकार घातले की प्रतिबिंब अलंकृत होते. मग शरीर आंधळे झाले तर तेही आंधळे होणार. जे असे क्षणोक्षणी पालटते ते आपले खरे स्वरूप कसे असेल? तो अर्ध्या वाटेतून परत फिरला आणि त्याने पुन्हा विचारले. असे तो एकदा नव्हे, अनेकदा परतला, आणि त्याच्या शिष्यत्वाची एकूण एकशेएक वर्षे झाली.

या कथेचा वेदान्तातील अर्थ सांगण्याचा अधिकार आमचा नाही. तो आमच्या तीर्थरूपांचा व त्यांच्यासारख्या अभ्यासकांचा आहे. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले. परंतु या कथेतील पाण्याचे पात्र आज आपल्या प्रत्येक घरात आलेले आहे, आणि ते दिवसाचे कित्येक तास आपल्यासमोर भरलेले असते, हे सांगण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. चित्रपट, दूरदर्शन, वृत्तपत्र आणि आता प्रत्येकाच्या हातातील मोबाईल, ही सर्व त्या पात्राचीच रूपे होत. त्यांत आपल्याला आपल्या देवांचे, आपल्या गावाचे, आपल्या भाषेचे आणि आपल्या स्वतःचे प्रतिबिंब दिसते. ते पाहून आपण विरोचनासारखे संतुष्ट होऊन घरी जातो, की इंद्रासारखे परत फिरून विचारतो, एवढाच प्रश्न या लेखात घ्यावयाचा आहे.

१. देवांचे चेहरे

प्रथम अगदी घरातले उदाहरण घेऊ. डोळे मिटून लक्ष्मीचे किंवा सरस्वतीचे ध्यान करा. कमळात उभी असलेली, रंगीत साडी नेसलेली लक्ष्मी, किंवा वीणा घेऊन बसलेली सरस्वती डोळ्यांसमोर येते. हे रूप आपल्या डोळ्यांत कोठून आले? त्याचे फार मोठे श्रेय राजा रविवर्मा या चित्रकाराकडे जाते. त्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला. तेथून निघालेली देवदेवतांची रंगीत चित्रे ज्यांना तैलचित्र विकत घेणे स्वप्नातही शक्य नव्हते अशा घरांत पोहोचली. रविवर्म्यांचे देहावसान १९०६ साली झाले. परंतु त्यांनी घालून दिलेला चेहरामोहरा नंतरच्या दिनदर्शिकांनी उचलला आणि तोच देवाचा चेहरा ठरला. आपल्या आजोबांच्या आजोबांनी ज्या लक्ष्मीची पूजा केली ती बहुधा चांदीच्या टाकावरची किंवा दगडी मूर्तीतली होती. तिला हा चेहरा नव्हता.

चित्रपट आला तेव्हा हे काम अधिक वेगाने होऊ लागले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. १९१७ साली त्यांचा 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. तरीही पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, असे वर्णन त्या काळाविषयी वाचावयास मिळते.

याहून आश्चर्याचे उदाहरण पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली काढलेल्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचे आहे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला, आणि १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांनी तुकोबा इतक्या तन्मयतेने उभे केले की पुढे अनेक घरांत तुकोबा म्हणून मनात राहिले ते पागनिसांचेच मुखमंडल. एवढेच नव्हे, तर त्या चित्रपटासाठी कवी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावर एक पद लिहिले; ते इतके जमून गेले की पुष्कळांनी ते तुकोबांचाच अभंग म्हणून गाइले, आणि गाथेत ते सापडत नाही याचे त्यांना नवल वाटले.

यात वाईट काय झाले, असे कोणी विचारील. आमच्या मते वाईट काही झाले नाही. ज्यांना गाथा वाचता येत नव्हती त्यांच्यापर्यंत तुकोबा पोहोचले, हा लाभच होय. पुढे २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रामानंद सागर यांचे 'रामायण' दूरदर्शनवर चालले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि कित्येक घरांत दूरदर्शन संचाला हार घातला जाई. आमच्या घरीही तो घातला जात असे, असे तीर्थरूप सांगतात. त्या हारामागील भक्ती खोटी नव्हती.

तरीही एक भेद ध्यानात ठेवावा. गणपतीची मातीची मूर्ती आपण आणतो तेव्हा प्राणप्रतिष्ठा करतो आणि ठरलेल्या दिवशी तिचे विसर्जन करतो. मूर्ती ही देव नव्हे, देवाला बसण्यासाठी दिलेले आसन आहे, हे आपण त्या विधीतून स्वतःला दरवर्षी आठवून देतो. पडद्यावरून येणाऱ्या प्रतिमेला आवाहन नाही आणि विसर्जनही नाही. ती न बोलावता येते आणि न सांगता मनात राहून जाते. देवाच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, कारण देव कोणत्याही चेहऱ्यात मावून जातो. माणसाच्या बाबतीत मात्र बिघडते. ते कसे, हे आता आपल्याच गावाच्या उदाहरणावरून पाहू.

२. भोपाळचे दोन आरसे

आपण परगावी गेलो आणि कोणी विचारले, 'आपण कोठले?' तर 'भोपाळ' हे उत्तर ऐकून समोरच्याच्या मुद्रेवर दोहोंपैकी एक भाव उमटतो. एक तर तो हसतो, नाही तर गंभीर होतो.

हसतो तो सूरमा भोपालीमुळे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला. त्यातील लाकडाच्या वखारीवर बसून बढाया मारणारा, तोंडात पान असलेला सूरमा भोपाली जगदीप या नटाने असा रंगविला की पन्नास वर्षे होऊनही तो पुसला गेलेला नाही. त्या चित्रपटाच्या दोन लेखकांपैकी जावेद अख्तर यांचे महाविद्यालयीन शिक्षण भोपाळात झाले होते. येथील बोलीचा नाद त्यांच्या कानांत होता. त्या भूमिकेत एक प्रेमळ निरीक्षण आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु चार-पाच मिनिटांच्या त्या विनोदाने एका संपूर्ण शहराची बोली देशभर हसण्याचा विषय झाली. पुढे पुढे येथील तरुणही परगावी गेल्यावर लोकांना खूष करण्यासाठी मुद्दाम तसेच बोलून दाखवू लागले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, प्रतिबिंब आधी आपल्यावरून काढले गेले, आणि नंतर आपण त्याची नक्कल करू लागलो.

समोरचा गंभीर होतो तो वायुकांडामुळे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मरण पावली. मातीत पुरल्या जात असलेल्या एका बालकाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोन छायाचित्रकारांनी टिपला. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला जागतिक वृत्तछायाचित्र स्पर्धेत त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. त्या चित्राने जगाला हलविले, आणि जगाने भोपाळकडे पाहिले ते पुष्कळसे अशा चित्रांमुळेच. हे ऋण थोडे नाही. परंतु ज्या बाळाचा चेहरा साऱ्या जगाला माहीत झाला त्याचे नाव आजतागायत कोणास ठाऊक नाही. चेहरा मिळाला, ओळख मिळाली नाही. प्रतिमा काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, हे याहून स्पष्ट रीतीने सांगणारे दुसरे उदाहरण आम्हांस माहीत नाही.

या दोन आरशांत आपल्या गावाचे पुष्कळ काही दिसतच नाही. १८१९ ते १९२६ या काळात बहुतांश वर्षे येथे चार बेगमांनी राज्य केले. त्यांतील अखेरच्या सुलतान जहाँ बेगम अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला याच भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये जवळच्या दोराहा येथे तह झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे शहर नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून कारकून, अधिकारी व शिक्षक यांची कुटुंबे सामानसुमानासह येथे आली. आपणांपैकी बहुतेक घरे त्या लोंढ्यातूनच आलेली आहेत. ज्या वसाहतीत त्यांना सरकारी घरे मिळाली तिला आपण टी.टी.नगर म्हणतो. त्या दोन अक्षरांमागे तात्या टोपे उभे आहेत, हे किती मुलांना ठाऊक असेल? येवल्याकडे जन्मलेला आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फाशी गेलेला तो वीर आपल्या पत्त्यात रोज लिहिला जातो आणि रोज विसरला जातो.

३. पडद्यावरचा मराठी माणूस

भोपाळकर म्हणून आपले दोन आरसे झाले. मराठी म्हणून आणखी दोन आहेत. एक हिंदी चित्रपटाचा आणि दुसरा पुण्यामुंबईच्या मराठी दूरदर्शनचा.

हिंदी चित्रपटात मराठी माणूस वर्षानुवर्षे ठरावीक रूपांत दिसला. धुणीभांडी करणारी बाई, लाच घेणारा किंवा साधाभोळा हवालदार, नाही तर गल्लीतला 'भाऊ'. घरकाम करणारी बाई असणे यात कमीपणा मुळीच नाही. पण सगळ्याच मराठी बायका तेवढ्याच असतात असे दाखविणे यात मात्र कमीपणा आहे, आणि तो दाखविणाऱ्याचा आहे. पुढे काळ बदलला आणि उलट टोकाचे चित्र आले. १८ डिसेंबर २०१५ रोजी 'बाजीराव मस्तानी' प्रदर्शित झाला. ना. सं. इनामदार यांच्या १९७२ सालच्या 'राऊ' या कादंबरीवर तो आधारलेला होता. त्यातील पेशवा सैनिकांसह नाचतो, आणि काशीबाई व मस्तानी एकत्र नाचतात; यावरून त्या वेळी पुष्कळ वाद झाला. वादाच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष वेधले ते एका लहान गोष्टीने, जी आमच्याच डोळ्यांसमोर घडली आणि जिच्यात दोष आमचा आहे.

गतवर्षी गणेशोत्सवात मुलांसाठी 'आम्ही कोण?' या विषयावर वेशभूषेचा कार्यक्रम ठेविला होता. प्रत्येक मुलाने आपल्या घराण्याविषयी किंवा आपल्या गावाविषयी काही सांगावयाचे होते. परीक्षक म्हणून आम्हांसही बसविले होते. मुले उत्साहाने आली. त्यांत चार बाजीराव होते, आणि चौघांच्याही तोंडी चित्रपटातील हिंदी संवाद होते. तीन मुली चित्रपटातल्या नाचाच्या नऊवारीत आल्या. एकजण सूरमा भोपाली होऊन आला आणि त्याने सभा गाजविली. अखेरीस सहाव्या इयत्तेतील एक मुलगी आली. तिने आजीचे विटलेले सुती लुगडे नेसले होते आणि हातात एक पितळी तांब्या व ओला पंचा घेतला होता. ती आपल्या आजीच्या भूमिकेतून बोलत होती. सासरे १९५६ साली नागपूरच्या सचिवालयातून येथे कसे आले, हे तिने सांगितले. मग वायुकांडाच्या रात्री जुन्या शहराकडून माणसे टी.टी.नगरच्या दिशेने कशी आली, आणि आपण दार उघडून त्यांच्या डोळ्यांवर पाणी कसे मारीत होतो, हे ती सांगू लागली. आजी बोलते तसेच ती बोलत होती. 'लोक पळून राहिले होते,' ती म्हणाली, 'अन् आम्ही पाणी देऊन राहिलो होतो.'

सभेत हशा पिकला.

का पिकला? त्या वाक्यात हसण्यासारखे काय होते? त्यात मृत्यूपासून पळणारी माणसे होती. पण 'करून राहिलो' ही नागपुरी धाटणी दूरदर्शनवरील मालिकांत आपण नेहमी विनोदी पात्राच्याच तोंडी ऐकलेली आहे. १९९९ साली उपग्रहावरून मराठी वाहिनी घरोघरी येऊ लागली, तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता! परप्रांतात राहून मराठी ऐकावयास मिळू लागले. परंतु त्या वाहिन्यांबरोबर एक न सांगितलेला धडाही आला: पुण्यामुंबईची ती खरी मराठी, आणि बाकीच्या बोली हसण्यासाठी. तो धडा आपले कान इतके मुरवून बसले आहेत की वाक्यात काय आहे हे ऐकण्याआधीच ते हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पहिले पारितोषिक एका बाजीरावाला दिले गेले, आणि त्या निर्णयाखाली आमचीही सही आहे.

पुढच्या रविवारी मुलांच्या वर्गात ती मुलगी आमच्याजवळ आली आणि म्हणाली, 'दादा, मला बरोबर मराठी शिकवा. आजीसारखी नको.'

वाचकहो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्या मुलीने पाण्याच्या पात्रात पाहिले होते, आणि त्यात तिला दिसले की आपली आजी हसण्याचा विषय आहे. ते पात्र तिच्यासमोर आम्हीच धरले होते.

४. परत फिरून विचारणे

माणूस आपली ओळख एकट्याने घडवीत नाही, हे पाश्चात्य समाजशास्त्रज्ञांनीही सांगितले आहे. चार्ल्स कूली या अमेरिकन विद्वानाने १९०२ साली असे मांडले की, आपण दुसऱ्यांच्या दृष्टीत कसे दिसत असू याची कल्पना करतो, ते आपल्याविषयी काय मत बनवीत असतील याचीही कल्पना करतो, आणि त्यावरून स्वतःविषयी अभिमान किंवा लाज बाळगतो. म्हणजे दुसऱ्यांचे डोळे हाच आपला आरसा. कूलीच्या काळी हे दुसरे लोक म्हणजे आईबाप, शेजारी, सवंगडी. आज त्यांत पडद्यावरची अनोळखी माणसे मिळाली आहेत. ती आपल्याला पाहत नाहीत, तरी आपण त्यांच्या दृष्टीने स्वतःला पाहतो. त्या मुलीचे नेमके तेच झाले.

मग उपाय काय? पडदा बंद करावा काय? तसे करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. जमैकात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये अध्यापन केलेले स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली या विषयावर एक उपयुक्त विचार मांडला. पडद्यावरून येणारा अर्थ पाहणारा जसाच्या तसा घेतो असे नाही, असे त्यांचे म्हणणे. कोणी तो पूर्णपणे मान्य करतो. कोणी काही मान्य करतो आणि काही आपल्या अनुभवाशी ताडून पाहतो. कोणी तो साफ नाकारतो. आम्हांस वाटते, पहिली वाट विरोचनाची आहे. तिसरी वाटही कित्येकदा विरोचनाचीच असते; कारण रागाने सगळे नाकारणारा मनुष्यही चौकशी करीत नाही, फक्त उलट दिशेने संतुष्ट होतो. इंद्राची वाट मधली आहे. ताडून पाहण्याची, म्हणजेच परत फिरून विचारण्याची.

आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आजी पलंगावर बसून शेंगा सोलीत होत्या. कार्यक्रमात काय झाले ते त्यांच्या कानांवर आले होते. परंतु त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री किती लोक आले होते, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, 'मोजायला कोणाला फुरसत होती बाळा? नाव विचारायचं बी कोणाला सुचलं नाही. मी आपली पिंपाकडेच पाहून राहिली होती, पाणी संपते की काय म्हणून.' नात जवळच उभी होती. त्या वेळी ती हसली नाही आणि आम्हीही नाही. 'मी पिंपाकडेच पाहत होते' असे म्हटले असते तर व्याकरण पुणेरी झाले असते. पण ती रात्र ज्या भाषेत घडली ती भाषा 'पाहून राहिली होती' हीच होय.

परत फिरून विचारले म्हणजे अशा कितीतरी गोष्टी सापडतात, ज्या कोणत्याही आरशात नाहीत. आपल्या भोपाळपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. तेथील शैलचित्रे १९५७ साली जगाच्या नजरेस आणून देणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे नीमच येथे जन्मलेले मराठीभाषी होते. रेल्वेने जाताना त्यांना ते खडक दिसले आणि ते शोध घेण्यास परत आले. २००३ साली त्या स्थानाचा जागतिक वारशात समावेश झाला. माधवराव सप्रे दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ साली जन्मले, घरी मराठी बोलले आणि हिंदी पत्रकारितेचे एक आद्य शिल्पकार झाले. १९०० साली त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढले, आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेले. त्यांच्या नावाचे वृत्तपत्र-संग्रहालय १९८४ पासून आपल्याच गावात आहे. आणि मुक्तिबोध बंधूंचे काय सांगावे! गजानन माधव मुक्तिबोध हे १९१७ साली श्योपूरला जन्मले आणि हिंदीतील थोर कवी झाले. अखेरच्या आजारात काही काळ ते भोपाळात उपचार घेत होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील नामवंत कवी व समीक्षक. एका आईच्या पोटचे दोन भाऊ, दोन भाषांत. त्यांतला खरा मराठी कोण, असा प्रश्न विचारणाऱ्याला त्या घराने काय उत्तर दिले असते?

येथील मराठी मनुष्य हवालदार नाही, केवळ बाजीराव नाही, आणि पुणेकराची अपुरी प्रतही नाही. तो दोन भाषांच्या संगमावर सात दशके आणि त्याहून अधिक काळ घर करून राहिलेला मनुष्य आहे. त्याची मराठी नागपूर, ग्वाल्हेर किंवा इंदूरहून निघाली, वाटेत तिने हिंदी व उर्दू शब्द उचलले, आणि ती तळ्याकाठी स्थिरावली. तिला लाजावयाचे कारण नाही. प्रमाण मराठी अवश्य शिकावी. ग्रंथ वाचण्यास आणि पत्र लिहिण्यास ती हवीच. त्या मुलीलाही आम्ही ती शिकवीतच आहोत. मात्र आजीच्या भाषेच्या जागी नव्हे, तर तिच्या शेजारी.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. घरातील आठवणी म्हणजे सत्य आणि पडद्यावरचे सगळे असत्य, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. घरही आपल्याला हवे तेवढेच सांगते. कोणत्या आजोबांचे छायाचित्र भिंतीवर लागले आणि कोणती आत्या कधीच छायाचित्रात आली नाही, हेही विचारण्यासारखे आहे. इंद्र एकदाच परतला नाही, अनेकदा परतला, हे विसरू नये.

५. कुटुंबात करावयाचा अभ्यास

रविवारी किंवा एकादशीला सायंकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे. उत्तरे मुलांनी वहीत लिहून काढावीत.

(१) आपल्या देवघरातील चित्रांत कोणते रूप कोठून आले असेल? आजी-आजोबांच्या लहानपणी देवघरात काय होते?

(२) या आठवड्यात पाहिलेल्या एखाद्या चित्रपटात किंवा मालिकेत मराठी पात्र होते काय? ते काय काम करीत होते, कसे बोलत होते? तसे बोलणारे व तसेच वागणारे आपल्या ओळखीचे किती?

(३) आपले कुटुंब भोपाळात केव्हा आले, कोठून आले, आणि पहिल्या रात्री कोठे उतरले?

(४) घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यातील असे दहा शब्द किंवा वाक्प्रचार लिहा, जे दूरदर्शनवर ऐकू येत नाहीत. त्यांतील कोणत्या शब्दांना आपण कधी हसलो होतो काय?

(५) आपण स्वतःचे छायाचित्र मोबाईलवरून दुसऱ्यांस पाठवितो, तेव्हा अनेकांतून एक निवडतो. न पाठविलेल्या छायाचित्रांत कोण असते?

यांतील तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरे ज्यांना इच्छा असेल त्यांनी गणेशोत्सवापूर्वी मंदिरात आणून द्यावीत. आम्ही ती एका वहीत उतरवून ठेवू. या वर्षी 'आम्ही कोण?' हा कार्यक्रम पुन्हा व्हावा अशी विनंती आम्ही मंडळींस केली आहे. त्यात परीक्षक नसावेत आणि पारितोषिकही नसावे, एवढेच आमचे मागणे आहे. त्या मुलीची आजी येण्यास कबूल झाल्या आहेत. त्या बोलतील तेव्हा आपण सर्वांनी आधी ऐकावे.